दवाखान्यात औषधाशिवाय बाकीचं कोण बघतं? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी)

नंदगडची_सून | 3 जून, रात्री 10:20

नमस्कार. सासूबाई बेळगावात एका दवाखान्यात आयसीयूत आहेत. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण उपचारांबद्दल तक्रार नाही. सलाईन, तपासण्या, राउंड, सगळं वेळच्या वेळी होतंय. माझा प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे.

त्या शुद्धीवर आहेत. तोंडावर मास्क आहे, पण तुटक बोलतात. पासवर एकालाच आत सोडतात, तेही थोडा वेळ. बाहेर आलं की सगळे विचारणार, क्रिएटिनिन किती, सॅच्युरेशन किती. काल त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मी आता नंदगडला येत नाही न्हवं गं?" मी तोंड उघडायच्या आत सिक्युरिटीवाला आला, वेळ संपली.

याचं उत्तर कुणी द्यायचं? डॉक्टर आकडे सांगतात. नणंद म्हणते, अभद्र बोलू देऊ नको. दीर पैशाच्या मागं पळालेत. माझी मावसबहीण इंग्लंडात लेस्टरला असते. तिच्याकडं म्हणे दवाखान्यातच चॅप्लन म्हणून पगारी माणसं असतात, त्यांत हिंदूसुद्धा असतात. रुग्णाजवळ बसायचं, बोलायचं, घरच्यांना धरायचं, हेच त्यांचं काम. आपल्या भागात, बेळगाव-मिरज-कोल्हापूर-हुबळीकडं, असं काही आहे का? आणि आयसीयूत हरिपाठ ऐकवू देतात का?

दवाखाना बदला, अमक्या डॉक्टरकडं न्या, असले सल्ले नकोत. हात जोडते.


शिफ्ट_संपली | 3 जून, रात्री 11:48

ताई, मी स्टाफ नर्स आहे. कुठली ते विचारू नका. आधी कामाचं सांगते.

हरिपाठ चालतो. मोबाइलमध्ये भरून द्या, आवाज बारीक ठेवा, मोबाइल उशाजवळ. परवानगी इन्चार्ज सिस्टरकडं मागा. डॉक्टरांना विचारलंत तर ते "बघू" म्हणून पुढच्या खाटेकडं जातात. शुद्ध नसलेल्या पेशंटलाही ऐकू जात असेल असं धरून बोला, आम्हाला तेच शिकवतात. खाटेच्या पायथ्याला उभं राहून "आता काय उरलंय" म्हणणारे नातेवाईक मी रोज बाहेर काढते.

उदबत्ती, निरांजन, कापूर अजिबात नाही. ऑक्सिजन सुरू असतो. अंगारा, विभूती आणा, पण बोटानं कपाळाला टेकवा, मास्कजवळ फुंकू नका. गंगाजल किंवा तीर्थ चमच्यानं तोंडात घालू नका. गिळता येत नसलं की ते श्वासनलिकेत उतरतं आणि आम्ही रात्रभर सक्शन करत बसतो. तोंड पुसायच्या कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घ्या आणि ओठाला लावा. तुळशीचं पान ओठावर ठेवा, आत नाही.

दुसरं, मंगळसूत्र आणि चुडा. ऑपरेशनात कॉटरी, म्हणजे विजेच्या चटक्यानं रक्त थांबवायचं यंत्र, वापरतात, धातू अंगाला असला की भाजायची भीती असते, म्हणून उतरवायला लावतात. भुलीला घाबरत नाहीत इतक्या बायका याला घाबरतात. "काढा लवकर" असं स्ट्रेचरवर ओरडायचं नसतं, पण ओरडतात. मी आदल्या रात्रीच घरच्यांना सांगते, हळकुंड दोऱ्यात बांधून आणा, ते गळ्यात राहू दे. काचेच्या बांगड्या साबण लावून निघतात. हात सुजला आणि वाढवायचीच वेळ आली तर नवऱ्याला तेवढं बाहेर पाठवते.

आता तुमचा खरा प्रश्न. त्या परत विचारतील. "काही होत नाही तुम्हाला" एवढं म्हणू नका. त्यांना कळलेलं असतं, फक्त पुढं बोलायची वाट बंद होते. "तुम्हाला काय वाटतंय आई?" एवढंच विचारा आणि थांबा.


टिळकवाडीचे_आजोबा | 4 जून, सकाळी 6:15

उत्तम प्रश्न. आमच्याकडं असं काही नव्हतंच असं कुणी म्हणू नये. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली सुरू केलं. अथणी, कागवाड, रायबागकडची माणसं पिढ्यान् पिढ्या तिकडंच जात आली. मिशनच्या दवाखान्यांत सकाळी काम सुरू व्हायच्या आधी प्रार्थना असायची, आणि बायबल वुमन म्हणून बायका वॉर्डातून फिरायच्या. हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण खाटेजवळ स्टूल ओढून बसणारं माणूस त्यांनी नेमलं होतं. वेल्लोरच्या सीएमसीत, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, चॅप्लनचा वेगळा विभाग आहे, तिथं जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

आपल्या ट्रस्टांनी काय केलं? गेटजवळ गणपतीचं देऊळ बांधलं. मार्बल लावला, देणगीदारांची पाटी लावली, मंगळवारी आरती ठेवली. त्या देवळातला पुजारी दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात गेलेला कुणी पाहिला असेल तर इथं कळवावं.


विवेकी_बेळगाव | 4 जून, सकाळी 9:02

आजोबा, पुजारी वर गेला नाही हे बरंच झालं म्हणायचं. "आध्यात्मिक आधार" म्हटलं की उद्या त्या खुर्चीत कोण येऊन बसेल ते मला दिसतंय. दोरे बांधणारे, पितृदोष काढणारे, मरणाऱ्याच्या घरच्यांकडून शांतीचे पैसे घेणारे. कर्नाटकात 2017 चा अमानुष प्रथा आणि काळी जादू प्रतिबंधक कायदा आहे, महाराष्ट्रात 2013 पासून आहे. ते उगाच नाही आले. माणूस आयसीयूत असताना घरचे लोक कशावरही विश्वास ठेवतात. ताई, तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण मागणी करायची तर मानसोपचारतज्ज्ञाची करा, प्रत्येक जिल्हा दवाखान्यात.


दैवी_उपाय_गॅरंटी | 4 जून, सकाळी 9:40

[प्रतिसाद काढला आहे. लांबून उतारा टाकण्याचे दर इथे लिहू नयेत. – संपादक]


विवेकी_बेळगाव | 4 जून, सकाळी 9:44

माझी शाई वाळली नव्हती.


मूळ_गाव_हलशी | 4 जून, दुपारी 3:30

मी इंग्लंडात एका सरकारी दवाखान्यात हेल्थकेअर असिस्टंट आहे. चॅप्लन रोज बघतो, म्हणून लिहितो.

विवेकी, तुम्ही म्हणता तसा माणूस इथं आठवडाभर टिकणार नाही. हातात पोथी घेऊन येत नाहीत. गळ्यात आमच्यासारखंच ओळखपत्र असतं. खाटेशी आले की आधी विचारतात, बसू का? नको म्हटलं तर खरोखर जातात. आपल्या धर्मात ओढायचा प्रयत्न केला तर नोकरी जाते. 2015 साली सरकारी आरोग्यसेवेनं जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात धर्म न मानणाऱ्यांचाही विचार केलाय. माझ्या वॉर्डात एक म्हातारा होता, देव म्हटलं की शिवी द्यायचा. त्याच्याशी आमची चॅप्लन बाई कबुतरांच्या शर्यतीवर बोलत बसायची. त्यानं शेवटी तिलाच बोलावून घेतलं, मुलाला निरोप द्यायला.

आणि हे शिकवतात, नुसता चांगला स्वभाव असून चालत नाही. सुरुवात अमेरिकेतली. अँटन बोइसन नावाचा पाद्री होता. तो स्वतः मानसिक आजारानं दवाखान्यात राहिलेला. 1925 साली त्यानं वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणलं. त्यांनी पुस्तकाबरोबर माणूसही वाचावा, असा त्याचा आग्रह. आजही प्रशिक्षणात रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून जसंच्या तसं लिहून काढायचं असतं, मग बाकीचे त्याची चिरफाड करतात. इथं तू घाबरलास म्हणून विषय बदललास, इथं त्याला रडू द्यायला हवं होतं, इथं तू स्वतःचं दुःख सांगत बसलास. आमच्याकडच्या भेटायला येणाऱ्या पाहुण्यांची अशी चिरफाड केली तर गाव रिकामं होईल.


हुक्केरीची_पार्वती | 4 जून, संध्याकाळी 7:05

आमच्या घरात कन्नड, बाजारात मराठी. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही लिंगायत. आमच्या वडिलांच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. ते अंगापासून वेगळं करायचं नसतं, गेल्यावर माणसाबरोबरच जातं. ऑपरेशनच्या दिवशी वॉर्डबॉय म्हणाला, दागिने काढून घरच्यांकडं द्या. अप्पा म्हणाले, मग ऑपरेशन नको. तो त्याचं काम करत होता, अप्पा त्यांच्या जागी बरोबर होते, आणि मधे बोलणारं कुणी नाही. शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी डबी बाजूला ठेवली, लिंग स्वच्छ कापडात गुंडाळलं आणि ऑपरेशनच्या जागेपासून लांब, डाव्या दंडाला चिकटपट्टीनं बांधलं. दोन मिनिटांचं काम. बाई कारवारकडच्या ख्रिश्चन होत्या. अप्पा अजून त्यांची आठवण काढतात, सर्जनचं नावही त्यांना आठवत नाही.


दरबार_गल्ली | 4 जून, रात्री 8:50

आमच्यात शेवटच्या घडीला जवळच्या माणसानं कानाशी हळू आवाजात कलमा म्हणायचा, कुराणातलं यासीन पढायचं, जमलं तर तोंड किब्ल्याकडं, म्हणजे मक्केच्या दिशेला, करायचं. बेळगावातून म्हणजे पश्चिमेला. आयसीयूत खाट फिरवता येत नाही हे कळतं, पण उशीवर मान त्या बाजूला वळवता येते. एका सिस्टरनं न सांगता वळवली होती, मल्याळी होती. कुणीतरी शिकवलं असणार.

माणूस गेल्यावर आमची जमात लगेच हजर. गाडी, कफन, कबर, सगळं तासाभरात. पण जायच्या आधीचे दिवस? तेव्हा घरचेच. तिथं रिकामं आहे.


निपाणकर | 4 जून, रात्री 11:15

विवेकींचा मुद्दा मला पटतो आणि तरीही पुरत नाही. का ते सांगतो.

माझी आत्या निपाणीत सगळं आयुष्य विड्या वळायची. निपाणीच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, मजुरी हजारावर मिळते. हजार विड्या वळल्या की हातात पैसे. मांडीवर सूप, पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. ती झोपेत बोटं हलवायची. तिला कॅन्सर झाला. कोल्हापूरला केमो चालू असताना एक दिवस मला म्हणाली, "मी वळलेल्या विड्या ओढून किती बापय मेले असतील रे? त्याचं हे मला आलं."

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, असं काही नसतं, आजाराची कारणं वेगळी. खरंच होतं ते. गुरुजी म्हणाले, एक शांत करून घेऊ. तेही त्यांच्या परीनं बरोबर असतील. तिला नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या, झोप लागायला लागली. प्रश्न होता तिथंच राहिला.

शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजकडची एक म्हातारी होती, तिची लेक रात्री सोबतीला असायची. तिनं आत्याला विचारलं, विड्या वळल्या नसत्यास तर पोरं कशावर वाढवली असतीस? आत्यानं तिला रात्रभर सगळं सांगितलं. नवरा कधी गेला, मालक मापात कसा मारायचा, खराब विड्या म्हणून किती बाजूला काढायचा, मोर्चाला कुणाबरोबर गेली. सकाळी चेहरा वेगळा होता. पाप-पुण्याचा निकाल लागला असं नाही. पण तिचा हिशेब कुणीतरी पूर्ण ऐकून घेतला.

ती बाई कुठलं शिक्षण घेतलेली नव्हती. नशिबानं भेटली. प्रश्न एवढाच आहे की हे नशिबावर किती दिवस सोडायचं.


गावठी_एमडी | 5 जून, पहाटे 1:30

ड्यूटीवर आहे, जरा निवांत आहे म्हणून सविस्तर लिहितो.

निपाणकरांच्या आत्यांना जे होत होतं त्याला आमच्या शास्त्रात जागा आहे, फक्त शिकवताना पान उलटून पुढं जातात. सिसिली सॉन्डर्स या आधी नर्स होत्या, मग दवाखान्यात समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर. 1967 साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटना शेवटपर्यंत सांभाळायची जागा. त्यांचं म्हणणं असं की दुखणं एकटं शरीराचं नसतं. त्यात मनाचं, घरच्यांच्या काळजीचं, पैशाचं आणि "हे माझ्याच वाट्याला का" याचंही दुखणं मिसळलेलं असतं. मॉर्फिन वाढवत नेऊनही पेशंट कण्हतोय, तेव्हा या बाकीच्या दुखण्यांकडं बघायचं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा, तिच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही आध्यात्मिक बाजू स्पष्ट लिहिलेली आहे. हे पुजाऱ्यांनी घुसवलेलं नाही.

विवेकी, मानसोपचारतज्ज्ञ हवाच, त्यात वाद नाही. पण "मी काय पाप केलं" हा प्रश्न म्हणजे आजार नव्हे. गोळी देऊन तो जावा अशी अपेक्षाही चुकीची.

भारतात काय आहे ते सांगतो. मुंबईत शांती आवेदना सदन हे हॉस्पिस 1986 पासून. बेंगळुरूला तसंच करुणाश्रय 1999 पासून. केरळात 1993 साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि साथीदारांनी पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू केलं, पुढं ते गावागावांत पसरलं. तिथं घरोघरी जाणारे बहुतेक जण साधे स्वयंसेवक असतात, शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी. प्रशिक्षण घेतात, नर्सबरोबर जातात, बसतात, लागलं तर तांदूळही पोचवतात. 2008 साली केरळ सरकारनं त्याचं धोरणच केलं. केंद्राचा याच कामाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून कागदावर आहे. आपल्या जिल्ह्यात कुणाला अनुभव असेल तर लिहा.

जे लगेच करता येईल ते सांगतो. क्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी चार प्रश्नांची पद्धत बसवलीय. आपल्या भाषेत साधारण असे: तुम्हाला बळ कशातून मिळतं? या आजारपणात त्याचा किती आधार वाटतो? तुमची म्हणावी अशी माणसं कोण? यात आम्ही काय करावं असं वाटतं? फाइल लिहिताना पाच मिनिटं जातात. पहिल्या प्रश्नाला कुणी "विठोबा" म्हणतं, कुणी "माझी म्हैस". दोन्ही लिहून घ्यायचं.


कागवाडचा_जैन | 5 जून, सकाळी 8:10

आमच्या आजीचा चौविहार, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. रात्री 9 ची गोळी ती घेईना. नर्स चिडली, आजी चिडली. एका ज्युनिअर डॉक्टरनं चार्ट बघून ती गोळी संध्याकाळी साडेपाचला केली. झालं. कुणी आधी विचारलंच नव्हतं.

सल्लेखनेचा, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवायच्या व्रताचा, विषय काढत नाही, तो मोठा आहे. राजस्थान उच्च न्यायालयानं 2015 साली ती आत्महत्या ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. पण आमच्याकडच्या घरांत म्हातारं माणूस "आता अन्न नको" म्हणालं की ते व्रत आहे, आजार आहे की कंटाळा, हे ओळखणारा माणूस लागतो. दवाखाना पोलिसांना घाबरतो, घरचे समाजाला.


शिफ्ट_संपली | 5 जून, दुपारी 2:40

इथं एक विषय कुणीच काढला नाही म्हणून मी काढते. "घरी नेतो."

आमच्याकडं आठवड्यात कितीतरी वेळा होतं. डॉक्टर म्हणतात, आता फार आशा नाही. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये सभा भरते. थोरला म्हणतो जीव घरी जावा, आपल्या उंबऱ्याच्या आत. मुलगी म्हणते मशीन काढलं तर आपणच मारल्यासारखं होईल. जावई बिल बघतो. मग डामावर सही. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत, असं लिहून द्यायचं. अँब्युलन्समध्ये एक ब्रदर (पुरुष नर्स) अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत बसतो, खानापूरपर्यंत, कधी पार चंदगडपर्यंत. घरात घोंगडं किंवा चटई अंथरलेली असते. पेशंटला त्यावर ठेवतात, तोंडात पाणी घालतात आणि मग ब्रदर बॅग थांबवतो.

त्या ब्रदरचा विचार कुणी केलाय? पोरगं पंचविशीतलं. सगळं घर त्याच्या हाताकडं बघत असतं. परत येताना अँब्युलन्सचा ड्रायव्हर आणि तो, बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला ड्यूटी. आध्यात्मिक आधार म्हणता ना, आम्हालाही लागतो.

आणि सही करणाऱ्याच्या डोक्यात "सल्ल्याविरुद्ध" हे आयुष्यभर राहतं. दहाव्याला कावळा शिवेना झाला की त्याच सहीची आठवण निघते.


गावठी_एमडी | 5 जून, रात्री 9:30

सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते कॉन्फरन्समध्ये कुणी बोलत नाही.

त्या सहीबद्दल एक माहिती. सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018 ला सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, आणि 24 जानेवारी 2023 ला त्याची पद्धत सोपी केली. धडधाकट असताना आपल्याला शेवटी काय नको ते लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार लागतात, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. कर्नाटक सरकारनं 30 जानेवारी 2025 ला याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. आशा नसलेले उपचार थांबवणं ही इच्छामरणाची सुई नव्हे, आणि त्यासाठी पळवून नेल्यासारखं घरी न्यायची गरज नाही. डॉक्टरांची दोन मंडळं बघतात, घरच्यांची संमती घेतात. पण घरच्यांना हे बसून समजावणार कोण, म्हणजे आपण पुन्हा त्याच रिकाम्या खुर्चीपाशी येतो.


अनगोळची_वैनी | 5 जून, रात्री 10:55

सगळे म्हाताऱ्या माणसांचंच लिहालेत. मी बाळंतिणीच्या वॉर्डातलं लिहिते.

माझं बाळ पोटातच गेलं. नवव्या महिन्यात. सासरे आणि दीर घेऊन गेले, पुरून आले. मला दाखवलं नाही, माझ्या भल्यासाठीच म्हणे. एवढ्याशा जिवाचं काही करायचं नसतं, त्यामुळं दिवस नाही, दहावा नाही, कुणी भेटायला नाही. त्याच वॉर्डात शेजारी पेढे वाटप चाललेलं. दूध यायला लागलं तेव्हा आयाबाईनं छाती घट्ट बांधून दिली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी येशील परत. तिला काय बोलायचं.

माझ्या बहिणीचं असंच झालं, दुसऱ्या दवाखान्यात. तिथल्या सिस्टरनं बाळ पुसून, दुपट्यात गुंडाळून आणलं आणि विचारलं, घेणार का? बघायचं नसलं तरी चालेल. बहिणीनं घेतलं. सिस्टरनं पडदा ओढला आणि बाहेर उभी राहिली, कुणाला आत सोडलं नाही. बहिणीला बाळाची नखं आठवतात. मला काहीच नाही.

विवेकीदादा, यात देव कुठं आला? पण हेच ते काम असेल तर माझं मत घाला.


विवेकी_बेळगाव | 5 जून, रात्री 11:30

वैनी, याला माझा विरोध कधीच नव्हता. हे काम असेल तर माझंही मत. फक्त त्याला पुजारी नका नेमू.


येळ्ळूरचा_टाळकरी | 6 जून, सकाळी 7:00

राम कृष्ण हरी. आमच्या पट्ट्यात गावागणिक भजनी मंडळ आहे. एकादशीला जागर, काल्याचं कीर्तन, सगळं बिनपैशाचं. केरळचे रिक्षावाले करतात तर आमचे टाळकरी का नाही करणार? प्रत्येक गावातून चार माणसं निघाली तरी बेळगावचे दवाखाने भरून जातील.


शिफ्ट_संपली | 6 जून, सकाळी 7:25

माऊली, भरून जातील हीच भीती आहे. चार नको, एक द्या. टाळ नको. हात धुतलेला पाहिजे, सर्दी असेल तर घरी. आणि जो कीर्तनात चांगला बोलतो तो पाठवू नका, जो चांगलं ऐकतो तो पाठवा.


येळ्ळूरचा_टाळकरी | 6 जून, सकाळी 7:31

मग आमच्यात दोनच निघतील. त्यातला एक मुका आहे.


शिफ्ट_संपली | 6 जून, सकाळी 7:33

पाठवा.


सीमाभाग_अस्मिता | 6 जून, सकाळी 10:10

मूळ मुद्दा राहिला बाजूला! मराठी रुग्णाला मराठीत सांगत नाहीत, पाट्या बघा, फॉर्म बघा, 1956 पासून

[पुढचा भाग काढला आहे. सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिकडं बाराशे प्रतिसाद झालेत. इथं आजारी माणसं आहेत. – संपादक]


हुक्केरीची_पार्वती | 6 जून, सकाळी 10:40

त्यांचं अर्धं बरोबर आहे. मरताना माणूस आईच्या भाषेत बोलतं. माझ्या अप्पांना मराठी दवाखान्यात मिरजेला तेच झालं, उलट्या बाजूनं. दोन्हीकडं दोन्ही पाहिजे.


नंदगडची_सून | 8 जून, रात्री 9:45

सगळ्यांचे आभार. सगळं वाचलं, नणंदेलाही वाचून दाखवलं.

सिस्टरनी सांगितलं तसं केलं. "तुम्हाला काय वाटतंय आई?" म्हटलं आणि थांबले. मला वाटलेलं हरिपाठ मागतील. त्या म्हणाल्या, "सुमनला बोलवा." सुमन म्हणजे धाकट्या चुलत सासूबाई, चंदगडला असतात. वाटणीपासून दोन्ही घरांत येणं-जाणं नाही. माझ्या लग्नालाही आल्या नव्हत्या. दिरांनी फोन केला तर त्या म्हणाल्या, मला काय तिच्या मरणाची वाट बघायची नाही, आत्ताच येते. पहिल्या एसटीनं आल्या. आल्या आल्या सिक्युरिटीवाल्याशी भांडल्या, पास कसला मागतोस म्हणून. इन्चार्ज सिस्टरनी दोघींना सोडलं.

वाटणीबद्दल एक अक्षर नाही. सुमनकाकींनी त्यांचे केस विंचरले, मास्कच्या रबरात गुंतलेले सोडवले, तेल नव्हतं म्हणून ओल्या हातानंच बसवले. म्हणाल्या, पोरीनं तुझी काय अवस्था केलीय. म्हणजे मी. सासूबाई हसल्या. आज हरिपाठ लावला तर म्हणाल्या, जरा हळू कर, सुमन बोलतेय.

तब्येत तशीच आहे. डॉक्टर उद्या बोलावतो म्हणालेत, नणंद आणि मी दोघी जाणार, डॉक्टरसाहेबांनी लिहिलेलं घेऊन. एक विनंती, ते चार प्रश्न नीट मराठीत छापून मिळाले तर मी इथल्या सिस्टरना देईन. त्या घेतो म्हणाल्या.


गावठी_एमडी | 8 जून, रात्री 10:30

उद्या जाताना एवढं विचारा: आता जे चालू आहे त्यातलं त्यांना आराम देणारं कोणतं, आणि नुसतं लांबवणारं कोणतं? बाकी आकडे सोडा. प्रश्नांचं मी लिहून देतो, पण माझं मराठी प्रिस्क्रिप्शनचं आहे, कुणीतरी सोपं करा.


निपाणकर | 8 जून, रात्री 10:52

मी करतो. टाइपही करतो.


शिफ्ट_संपली | 8 जून, रात्री 11:40

एकाच कागदावर, पुढं मराठी, मागं कन्नड. दोन पानं झाली की फाइलमधून पडतात. धर्माचा रकाना नको, तो ॲडमिशनच्या कागदावर आहेच आणि त्यावरून काही कळत नाही.


हुक्केरीची_पार्वती | 9 जून, सकाळी 6:50

कन्नड माझ्याकडं. रविवारपर्यंत देते.


दरबार_गल्ली | 9 जून, सकाळी 9:15

अक्षर मोठं ठेवा. रात्री वॉर्डातला दिवा बारीक असतो आणि चष्मा घरी राहिलेला असतो.


विवेकी_बेळगाव | 9 जून, सकाळी 9:30

शेवटी एक चौकट घाला: "मला कुणाशीही बोलायचं नाही." आणि ती भरली तर पाळा.


निपाणकर | 9 जून, सकाळी 9:34

घातली. पाचवी.